पाचवी मूठ

साडेसातच्या फोनवर मेघानं एक शब्द उच्चारला आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत गिळला. "उद्या शाळेच्या आधी अक्का मूठ—" एवढंच. मग मागं कुठंतरी ताटावर ताट आपटल्याचा आवाज झाला, आणि लगेच, धुऊन वाळत घातल्यासारख्या स्वच्छ स्वरात, "उद्या काही नाही पप्पा. उद्या शनिवार." अमृत मेहरूणमधल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी शेंगदाण्याची चटणी कुटत होतं, तलावाकडून ओलसर वारा येत होता, सगळं रोजच्यासारखं होतं. पण फोन बंद झाल्यावरही तो कानाशी धरून उभा राहिला. चौदा वर्षं वजनमापे निरीक्षकाची नोकरी केलेल्या माणसाला असा गिळलेला शब्द ऐकू येतो. किराणा दुकानात शिरल्यावर दुकानदार "या साहेब" म्हणतो, आणि 'या' आणि 'साहेब' यांच्यामध्ये एक श्वासभर जागा सोडतो. त्या जागेत गल्ल्याखाली त्याचा पाय काहीतरी सरकवत असतो. अमृतनं नोकरीभर ती जागाच तपासली होती. काटे काय, कुणीही तपासेल.

आत चारुलता ड्यूटीवरून येऊन पंख्याखाली पाय पसरून बसली होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांची खरी दुखणी पाहून आल्यामुळे नवऱ्याच्या दुखण्यांकडे ती जरा लांबून बघायची. "मूठ म्हणाली," अमृत म्हणाला. "मग?" "मग गप्प झाली." "नऊ वर्षांची आहे. शब्द अडकला असेल." "अडकला नाही, अडवला. मागून ताट आपटलं." चारुलतानं डोळे मिटले. "तुम्ही ना, माणसाला पाटावर बसवत नाही, काट्यावर बसवता." आणि थोड्या वेळानं, डोळे न उघडताच, "उद्या धुळ्याला जाताय ना? तो दाखल्याचा अर्ज नेऊ नका. नेला तर वापराल."

शब्द कुठला, हे त्याला कळलं होतं. श्रावण होता. परवा रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसणार होती. नारळाला नथ, डोळे, नवं लुगडं, आणि तिच्यासमोर रात्रभर गाणी. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे उद्या, रोटाचे गहू मोजायचे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं एकेक मूठ. तेवढ्याच गव्हाचं पीठ, त्या पिठाचे रोट, आणि ते रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. जावयाला नाही, शेजाऱ्याला नाही, सासरी गेलेल्या लेकीला नाही. उरलं तर जमिनीत पुरायचं, पण परक्याच्या तोंडी घालायचं नाही. लहानपणी अमृतला वाटायचं, आपण घरात आहोत याचा हाच पुरावा आहे. अक्का, त्याची आई, मूठ भरताना नाव घ्यायची, "रूपचंद, जीवराम, अमृत," आणि आपलं नाव येईपर्यंत तो तिच्या हातावरून नजर काढायचा नाही. समजा विसरली तर? ती कधी विसरली नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यानंच तिला सांगितलं, माझी मूठ घेऊ नको. अक्कानं तेव्हा परातीतून हात बाहेर काढला होता, पदराला पुसला होता आणि म्हणाली होती, "बरं." बस, एवढंच. आयुष्यात एकदाही भांडल्याशिवाय वांगं न घेतलेली बाई नुसतं "बरं" म्हणते, हे काही त्याला पटलं नव्हतं. ते "बरं" त्यानं तेव्हापासून जपून ठेवलं होतं, कधीतरी फेरतपासणीला काढू म्हणून.

कारण मेघाच होती. सातव्या महिन्यात जन्मली, काचेच्या पेटीत तेवीस दिवस. अमृत त्या पेटीबाहेर बसून असायचा. वजन रोज लिहिलं जायचं, बाराशे ग्रॅम, अकराशे ऐंशी, अकराशे नव्वद, आणि लाखो किलोंवर शिक्के मारलेला हा माणूस दहा ग्रॅमसाठी भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. ऑफिसातला झिपरू सोनवणे त्याला एका दुपारी गाडीवर घालून फैजपूरला घेऊन गेला, महानुभाव पंथाच्या आश्रमात. तिथले बाबा म्हातारे, बोलणं मऊ. अमृतनं विचारलं, काय नवस बोलू? बाबा म्हणाले, "नवस नको. देवाशी सौदा नको. नाव घ्या." रोज सौद्यांच्या बाजारात फिरणाऱ्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं. पोरगी वाढली. त्यानं उपदेश घेतला, इतर देवदेवता सोडल्या, त्यांचा प्रसाद सोडला. पण त्याच तेवीस दिवसांत अक्कानं धुळ्यात कानबाईला नवस बोलला होता, हे त्याला मागून कळलं. म्हणजे पोरगी एक आणि तिला वाचवल्याचे दावेदार दोन. अक्का हे कधी बोलून दाखवत नसे. मेघाला तेल लावताना फक्त म्हणायची, "मनी कानबाईनं देखं रे बाई तुनाकडे." आणि अमृत दारात असला की हळू म्हणायची. तो नवस काय होता, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच तो फिटलेला नाही, असा त्याचा पक्का संशय होता. न फिटलेला नवस म्हणजे पोरीवर कुणाचातरी हक्क.

आणि पोरगी तर त्यानं स्वतः उचलून त्यांच्याकडे ठेवली होती. तीन वर्षांची असताना, "सहा महिन्यांसाठी". चारुलताच्या रात्रपाळ्या, त्याचे तालुक्यांचे दौरे, सांभाळायला ठेवलेली बाई गावी गेली ती आलीच नाही. सहा महिन्यांचं वर्ष झालं, मग धुळ्यात बालवाडी, मग शाळा, आता चौथी. आठवड्यातून एकदा भेट, आणि बाप म्हणून रोजचा काय तो साडेसातचा फोन. त्या अर्ध्या तासात त्याला सगळं बापपण बसवायचं होतं. आधी "दंडवत प्रणाम", मग पाच मिनिटं नामस्मरण, मग वही. वही त्याचीच कल्पना. मधोमध रेघ, डावीकडे 'केलं', उजवीकडे 'चुकलं'. मेघा वाचायची, तो ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "अजून?" ती म्हणायची, "बस." तो थोडा थांबून पुन्हा म्हणायचा, "अजून?" फैजपूरच्या बाबांना त्यानं ही वही एकदा अभिमानानं सांगितली होती. बाबा हसले. "लेकराला नाव शिकवा. झडती शिकवू नका." अमृतला वाटलं, बाबांना मूलबाळ नाही, त्यांना काय कळणार.

शनिवारी सकाळी तो धुळ्याच्या एसटीत बसला तेव्हा अर्ज शर्टाच्या खिशातच होता. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्याबाबत. घडी घालताना त्यानं तो दोनदा वाचला, भाषा सभ्य होती. एरंडोल गेलं. खिडकीतून कपाशी दिसत होती, गुडघ्याएवढी, आणि तिच्यात वाकलेल्या बायका. शेजारी एरंडोलला चढलेली एक म्हातारी होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी वर आलेली. तिनं त्याला आधी नीट बघून घेतलं. "धुयाले का?" "हो." "कानबाईले चालनात?" "नाही, कामाला." "तुम्हनाकडे बसस ना कानबाई?" अमृत म्हणाला, "आईकडे बसते." म्हातारीनं पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली. "मंग तुम्हनाकडेच ना, भाऊ." आणि तिनं तोंड फिरवलं, जणू हिशेबात एवढी ढोबळ चूक करणाऱ्याशी काय बोलायचं. पारोळ्यापर्यंत अमृत तिला मनातल्या मनात उत्तर देत होता. उत्तर चांगलं लांबलचक तयार झालं, तेव्हा ती उतरून गेली होती.

देवपूरच्या घराचं दार उघडंच होतं. अंगण सारवलेलं, कोपऱ्यात चौरंग धुऊन उन्हात उभा केलेला. मागच्या मोरीतून पाण्याचे तांबे ओतल्याचे आवाज येत होते, आणि त्यांच्यामधून आबांचं खाकरणं. आबा, म्हणजे त्याचे वडील रूपचंद, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आंघोळीला बसले की अर्धा तास निघत नाहीत. अक्का नव्हती. मेघा शाळेत. अमृतनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. न सांगता पोचलेल्या निरीक्षकाला पहिली पाच मिनिटं सोन्याची असतात. त्यानं बूट काढले. कपाटावर मेघाची वही होती. उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार. 'केलं' भरलेलं, 'चुकलं'मध्ये रोज एकच, कधीच दोन नाहीत, कधीच शून्य नाही. 'जेवताना बोलले.' 'दप्तर आवरलं नाही.' 'राग आला.' आणि सोमवार ते शुक्रवार एकाच निळ्या पेननं, एकाच तिरक्या हातानं, एकाच बैठकीत लिहिलेलं. अशी नोंदवही त्यानं किती दुकानांत पाहिली होती! साहेब यायचेत म्हणून आदल्या दिवशी बसून भरलेली. त्यानं किती जणांना सुनावलं होतं, 'खऱ्या वहीत शाई बदलते हो.' हे पोरीला कोण शिकवतं? कोण तिच्यासमोर बसून सांगतं, बाई, रोज एक चूक लिही, म्हणजे बाप खूश राहतो? त्याला अक्काचा चेहरा दिसला, मग आबांचा, आबांच्या मिशीतलं हसू. दोघं मिळून. दुपारच्या चहाला.

मग तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर पितळी परात होती, वर पांढरं धुतलेलं फडकं. फडक्याखाली गहू. मोजून झाले होते तर! त्यानं हात धुतले. आपण हात का धुतोय, असा प्रश्न त्याला पडला, आणि त्यानं तो नळासारखा बंद केला. हिशेब साधा होता. घरात पुरुष चार, आबा, सुरतेहून रात्री येणारा जीवरामदादा आणि त्याची दोन मुलं. चार मुठी म्हणजे काही नाही. पाच म्हणजे अक्कानं त्याची मूठ चोरून घेतली. सहा म्हणजे, सहा म्हणजे काय ते त्याला ठरवता येईना, पण सहा असू शकतात असं त्याला वाटलं. त्यानं शेजारचं ताट ओढलं, फडकं बाजूला सारलं आणि परातीत हात घातला. गहू गार होते. एक. दोन. मोरीत आबांनी बादली सरकवली, तो थांबला. तीन. चार. परातीत तळाशी बोटभर गहू उरले, मुठीच्या पावाएवढे. सव्वा चार. तो एकदम हलका झाला. इतका हलका, की त्याला स्वतःची थोडी निराशाही वाटली. सगळे गहू परत ओतले, वरून तळव्यानं सपाट केले, फडकं जसंच्या तसं. एक दाणा गॅसच्या सिलेंडरखाली घरंगळला. तो काढायला तो गुडघ्यावर बसला होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"न सांगता कसा काय उना रे?" अक्का दारात उभी होती, पदरानं घाम टिपत. "गिरणीवर गयती मी. आज गिरणी धुई लिधी त्यासनी, बठ्ठासना रोट दळाना शेतस. आम्हना नंबर आठ वाजता." मग खाली बघून, "काय पडनं तुनं?" "काही नाही. दाणा." "दाणा," अक्का म्हणाली आणि परातीकडे बघितलं नाही. तिनं परातीकडे न बघणं त्यानं लगेच टिपलं. आबा पंचा गुंडाळून बाहेर आले, त्याला बघून पंचाला गाठ मारत म्हणाले, "सायेब! वजनमाप तपासाले उनात का? आम्हना काटा बरोबर शे, शिक्का मारी द्या." "आबा, सहज आलो." "सहज?" आबांनी मिशी पिळली. "चाळीस वरीस गाडी चालाडी मी. सहज कोनीच कथाईन येत नही."

अक्कानं चहा टाकला आणि उकळेपर्यंत डब्यातून भाजलेले शेंगदाणे काढून त्याच्या हातावर ठेवले, लहानपणी ठेवायची तसे. "ले, मूठभर." ते त्याच्या तळव्याच्या मध्यावर मावले. त्यानं दाण्यांकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. हात केवढासा झाला होता! अंगठ्याचा सांधा सुजून वर आलेला, करंगळी वाकडी, मूठ पुरती मिटतच नव्हती. बोटांच्या फटीतून दोन दाणे खाली पडले. चहाला उकळी आली तसं त्याच्या कानांत रक्त चढलं. कुठल्या मापानं मोजलं होतं त्यानं? स्वतःच्या! निरीक्षकाचा पहिला धडा, माप कुणाचं ते आधी बघ, वजन मग. तो शिकाऊ पोरांना हे ओरडून सांगत असे. आणि स्वतः आईच्या मुठींवर आपली चाळीस वर्षांची, चांगली पोसलेली मूठ चालवून आला. तिच्या चार मुठी म्हणजे त्याच्या साडेतीनच्या आत. तिच्या पाच म्हणजे...

"अक्का, मुठी किती घेतल्यास?"

अक्का चहा गाळत होती. गाळणं आपटून चोथा टाकला. "पाच."

तिनं लपवलं नाही, हेच त्याला विचित्र वाटलं. "तुला मी सांगितलं होतं."

"तू सांगं व्हतं, मनी मूठ लेऊ नको. नऊ वरीस व्हई ग्यात, मी तुनी नही लिधी. तुना बाप साक्षीदार शे."

"मग पाचवी कुणाची? तुझ्या नवसाची?"

"नवस?" अक्काला खरंच आठवावं लागलं. "तो तं मी त्याच वरीसले फेडा. कानबाईले चांदीना डोळा. तू बाहेरनी खोलीमा झोपेल व्हता." नऊ वर्षं जपलेला त्याचा संशय असा एका वाक्यात निकालात निघाला, आणि त्याच्या जागी काही ठेवायला त्याच्याकडे नव्हतं. "मंग पाचवी?" आबा बाहेरून ओरडले, आवाजात मजा होती. "सांग ना तुना पोऱ्याले!" अक्कानं चहा त्याच्यासमोर ठेवला. "मी काय सांगू? येऊ दे तिले."

तिले. म्हणजे पोरीला वापरलं होतं तर. चहा पिताना अमृतनं सगळं जुळवून टाकलं. बायकांची मूठ घेत नाहीत, म्हणून हिच्यासाठी वेगळी रीत काढली. पोरगी त्यांनी कानबाईच्या परातीत टाकली, आणि वर तिला शिकवलं, बापाला सांगू नको, रोज एक चूक लिही. छान. खिशातल्या अर्जाचा कोपरा छातीला टोचत होता. शनिवारी शाळेचं ऑफिस एकपर्यंत उघडं असतं, त्यानं घड्याळ बघितलं, बारा वीस. आता उठलो तर होईल. तो उठला नाही. पुरावा हातात असताना आरोपीला बोलू द्यायचं, हीही नोकरीतली सवय. का भीती, त्याला सांगता आलं नसतं.

साडेबाराला रिक्षा थांबली. मेघा दप्तर घेऊन आत आली, त्याला बघून जागच्या जागी थांबली आणि लगेच हात जोडले. "दंडवत प्रणाम, पप्पा." चेहऱ्यावर आनंद होता, पण आनंदाच्या मागं ती श्वासभर जागा होती. ती सरळ आत गेली. फडकं उचलल्याचा आवाज. मग ती दारात आली. "गव्हाला कुणी हात लावला?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"सकाळी मी वरती पाच खळगे केले होते. बोटानं. एकेकाचा एकेक." ती आपलं तर्जनीचं बोट वर धरून उभी होती. "आता सपाट आहे. कुणीतरी काढून परत ओतलेत." ती अक्काकडे बघत नव्हती, आबांकडेही नाही. अमृतला वजनांच्या पोटातली शिशाची गोळी आठवली, तिच्यावर मारलेला शिक्का, तो कुणी खरवडला तर पहिल्या नजरेत दिसावा म्हणून. पोरीनं गव्हावर शिक्का मारून ठेवला होता. आणि त्याला, शिक्केवाल्याला, तो दिसलासुद्धा नव्हता.

"मी मोजले," तो म्हणाला. "तू आधी सांग. पाचवा खळगा कुणाचा?"

"माझा." ती दप्तराचा पट्टा पिळायला लागली. "म्हणजे तुमचा. पण खाते मी."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. अक्का म्हणाली, बाईमाणसाची मूठ नसते. मी म्हटलं, मग मी कुणीच नाही का घरातली? नाही म्हणाली, रीत आहे. मग मी म्हटलं, पप्पांची जागा रिकामी आहे ना? त्यांना नको आहे. त्यांची घे, मी खाते." ती एका दमात बोलली, खूप दिवस पाठ केल्यासारखी, पण हे कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं. पाठ केलेलं तो ओळखायचा. "दुसरीत होते तेव्हापासून. अक्का दोन दिवस नाहीच म्हणत होती. मी जेवले नाही."

"दोन दिवस," आबा म्हणाले. "बापसारखीच शे. अडेल."

"देवीला नमस्कार करतेस?"

"हात जोडते. पण नाव तुम्ही शिकवलेलंच घेते."

"मग मला का सांगितलं नाहीस? रोज विचारतो मी."

मेघानं जरा विचार केला. "तुम्ही विचारता, काय चुकलं. मला ते चुकलं असं वाटत नव्हतं."

"आणि ती वही? एका दिवसात भरलेली?"

आता मात्र तिची मान खाली गेली. "रोज एक सापडत नाही. मग मी रविवारीच बसून आठवड्याच्या करून ठेवते. एक लिहिली की तुम्ही दोनदाच 'अजून' म्हणता. काहीच नाही लिहिलं तर खूपदा म्हणता."

"मी तिले कितींदा सांगं, बापले सांगी दे," अक्का म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. "ती म्हने, पप्पा दाखला काढतीन. मागला वरीसले तू फोनवर म्हनता ना, देवीचं असं काही चालत असेल तर पोरीला इकडे आणीन? त्या दिनपशी पोर फोन वाजना की आंग चोरी लेस." आणि मग, फारच साधेपणानं, "काल ताट मीच आपटं. तिनी जीभ घसरनी व्हती."

अक्का उठली, परात खाली घेतली. उष्टावलेलं माप पुन्हा करायला हवं होतं. तिनं हात धुतले आणि नाव घेत मुठी भरायला लागली. "रूपचंद. जीवराम." गहू तिच्या वाकड्या बोटांतून गळत होते. "मोठा नातू. धाकला नातू." चार झाल्या. पाचवी मूठ तिनं भरली आणि वर उचलून धरली. "लेऊ का नको? तू सांग. तू नही म्हनशी तं नही लेवाव." मेघा बघत होती. आबांनी पंचाचं टोक तोंडाशी धरलं होतं. अक्काचा हात थरथरायला लागला, सुजलेल्या सांध्याला एवढंही वजन धरवत नव्हतं, दोन दाणे, मग चार, मग एक बारीक धार परातीच्या काठावर पडायला लागली. अमृत त्या धारेकडे बघत राहिला. अक्कानं शेवटी उरलेली मूठ एका वाटीत टाकली आणि वाटी परातीशेजारी ठेवली. "आठ वाजता गिरणी शे. तवलोंग सांग."

दुपार कशी गेली, त्याला नीट सांगता आलं नसतं. तो बाहेरच्या खोलीत आडवा पडला, शाळेचं ऑफिस बंद व्हायची वेळ त्यानं छताकडे बघत जाऊ दिली. अर्ज सोमवारीही देता येतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला स्वतःच्याच आवाजात खोटं वाटलं. मधूनच वाटायचं, हे तिघांनी मिळून बसवलेलं आहे, खळगे, हात थरथरणं, सगळं. तो येणार हे त्यांना कळलं असेल, चारुलतानं फोन केला असेल. मग काचेची पेटी आठवायची. तेवीस दिवस त्यानं त्या काचेतून बघितलं होतं, हात लावायची परवानगी नव्हती. घरी आणल्यावरही पहिले काही दिवस तिला उचलताना त्याला वाटायचं, आधी कुणाला तरी विचारलं पाहिजे. आणि पुढं धुळ्याला ठेवल्यावर फोनची काच. स्वयंपाकघरात मेघा आणि अक्का काहीतरी निवडत कुजबुजत होत्या. तो कान देऊन ऐकत होता. डांगराची भाजी करायची का गवारीची, एवढंच चाललं होतं. त्यालाच कानबाईचं डांगर आवडतं, हे मेघाला ठाऊक नव्हतं. अक्का तिला ते सांगत होती.

साडेसात वाजले. आबांनी टीव्ही बंद केला. रोज या वेळी टीव्ही बंद होत असणार, हे त्याला आजच कळलं. मेघा वही घेऊन आली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. फोन नव्हता, त्यामुळे दोघांनाही हात कुठं ठेवावेत ते समजेना. तिनं हात जोडले, पाच मिनिटं नाव झालं. तिच्या मिटलेल्या पापण्या किती पातळ आहेत, फोनवर हे कधी दिसलं नव्हतं. मग तिनं वही उघडली, नवं पान, मधोमध रेघ मारली. त्यानं विचारायला तोंड उघडलं.

"आज तुमचं सांगा," मेघा म्हणाली. उद्धटपणानं नाही, खेळ म्हणूनही नाही. पाळी आल्यासारखं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"मी गहू मोजले," अमृत म्हणाला. "न विचारता."

ती लिहायला लागली. उजव्या बाजूला. त्यानं हरकत घेतली नाही.

"तुझी वही वाचली."

ते लिहिलं. तिचं अक्षर तिरकं होतं, त्याच्यासारखंच. तो थांबला. दुकानदार नेहमी हलक्या मापापासून सुरुवात करतात, पावशेराची चूक कबूल करतात, म्हणजे मणाची राहून जाते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! त्यानं खिशातून घडी काढली आणि वहीवर ठेवली. मेघानं ती उलगडली आणि बोट ठेवून वाचलं, शाळा सोडल्याचा, दाखला, आणि पुढं स्वतःचं पूर्ण नाव. तिनं ते नाव वाचलं नाही, नुसतं बघितलं. बराच वेळ.

"हे कुठं लिहू?" तिनं विचारलं. "'केलं'मध्ये की 'चुकलं'मध्ये?"

तिचं पेन रेघेवरच टेकलेलं होतं, ना इकडं ना तिकडं. शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. आत कुणी हलत नव्हतं. त्याला वाटलं, अक्का वाटी हातात घेऊन उभी असेल. त्या म्हाताऱ्या हाताला वाटी पेलते का, हाच प्रश्न त्याच्या डोक्यात आला, दुसरा कुठलाच नाही.

"'चुकलं'मध्ये," तो म्हणाला.

मेघानं लिहिलं. सावकाश, काना-मात्रा नीट देऊन. आत परातीत गहू पडल्याचा लहानसा आवाज झाला, एक मूठ, बोटांतून थोडी गळालेली. मग दारात चपलांचा आवाज आणि आबांचं, "थांब वं, बॅटरी लई जाय, गल्लीमा अंधार शे." पावलं गिरणीकडे गेली. अमृतनं श्वास सोडला. संपलं असं त्याला वाटलं, आणि तो उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकवू लागला.

मेघानं पान उलटलं नव्हतं. पेनाचं टोपणही लावलं नव्हतं. मान न उचलता तिनं विचारलं, "अजून?"